जखमी पानाचा निरोप

घरात कांदा चिरला जात असताना तुम्ही कधी जवळ बसला आहात का? अख्खा कांदा टोपलीत पडलेला असतो, तोवर त्याचा कोणाला त्रास नसतो. तो हातात घेतला, नाकाजवळ नेला, तरी डोळ्यांना काही होत नाही. सुरी फिरते, आणि मग चिरणाऱ्याच्याच नव्हे तर शेजारी बसलेल्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहू लागते. असे का होते? कांद्याच्या पेशीत दोन वस्तू वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. एक वस्तू पेशीतल्या द्रवात असते. दुसरी एका पातळ पिशवीत बंद असते. सुरीने पेशी फुटली आणि पिशवी फाटली, की दोन्ही एकत्र येतात आणि त्यांच्यापासून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. म्हणजे हा वायू कांद्यात आधीपासून भरून ठेवलेला नसतो. जखम झाल्यावर तो तयार होतो.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता जरा शेताकडे चला. आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर उभी असते. हिवाळ्यात हरभरा येतो. अकोल्याकडून अमरावतीकडे बसने जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हीच पिके तुम्हांला दिसतात. या पिकांवर एक अळी जगते. कपाशीवर तिला हिरवी बोंडअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणतात आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतात. नावे तीन असली तरी कीड एकच आहे. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. पऱ्हाटीवरून तुरीवर आणि तुरीवरून हरभऱ्यावर असा तिचा सगळा हंगाम मजेत जातो. हरभऱ्याच्या घाट्याला ती भोक पाडते, डोके आत खुपसते आणि आतला दाणा खाते. शेतकरी सकाळी येऊन पाहतो, तर घाटे पोकळ झालेले असतात.

अशा वेळी झाड काय करते? त्याला पाय नाहीत, म्हणून पळता येत नाही. हात नाहीत, म्हणून अळी झटकता येत नाही. आपल्या शरीरात रोगजंतू शिरले, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. झाडाला रक्तही नाही आणि अशा फिरत्या पेशीही नाहीत. वनस्पतीची प्रत्येक पेशी आपल्या जागी भिंतीत चिणल्यासारखी असते. (पेशी म्हणजे तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकातला 'खलिया'.) म्हणून लोकांना पुष्कळ काळ असेच वाटत होते, की झाड मुकाट्याने सारे सोसते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मात्र झाड अगदीच दुबळे नसते, हे माहीत होते. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. पहाटे दवाने भिजलेल्या हरभऱ्यातून अनवाणी चालले, की पाय चुरचुरतात ते या आंबेमुळे. पूर्वी लोक रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरीत आणि सकाळी ते पिळून आंब औषधासाठी साठवून ठेवीत. ही आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्ले. ती पानावर कायमच असते, अळी येवो अथवा न येवो. आज आपण पाहणार आहोत ती युक्ती वेगळी आहे. ती शत्रू आल्यावरच सुरू होते.

१९७२ साली अमेरिकेत क्लॅरेन्स रायन आणि त्यांचे विद्यार्थी टेरी ग्रीन यांनी एक प्रयोग केला. टोमॅटो आणि बटाट्याच्या झाडाचे एक पान त्यांनी बटाट्यावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांना खाऊ दिले. मग झाडाची पाने तपासली. खाल्लेल्या पानात एक विशेष प्रथिन वाढलेले आढळले. याचे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नसते. पण तेच प्रथिन वरच्या, न खाल्लेल्या पानांतही वाढले होते! त्या पानांना किड्याचा स्पर्शही झालेला नव्हता. मग त्यांना बातमी कोणी दिली?

हे प्रथिन काय करते, तेही पाहू. अळी पान खाते ती मुख्यतः त्यातल्या प्रथिनांसाठी. तिच्या आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे असतात. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. उर्दूत त्याला खामरा म्हणतात. झाडाने तयार केलेले नवे प्रथिन अळीच्या या विकरांत जाऊन अडकते आणि त्यांचे काम बंद पाडते. कात्रीच्या पात्यांत खडा अडकावा तसे हे होते. अळीचे पोट भरते, पण अन्न पचत नाही. तिची वाढ खुंटते. कच्च्या सोयाबीनच्या दाण्यातही असे कात्री अडवणारे प्रथिन भरपूर असते. म्हणून सोयाबीन कच्चे खाऊ नये. ते शिजवले, की उष्णतेने हे प्रथिन निकामी होते.

बातमी कोणी दिली, या प्रश्नाचे उत्तर शोधायला रायन यांना जवळजवळ वीस वर्षे लागली. ते आणि त्यांचे सहकारी ग्रेगरी पिअर्स वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात काम करीत. त्यांची पद्धत साधी, पण चिकाटीची होती. टोमॅटोच्या पानांचा रस काढायचा, तो निरनिराळ्या भागांत वेगळा करायचा आणि प्रत्येक भाग टोमॅटोच्या कापलेल्या कोवळ्या रोपांना देठातून पाजायचा. ज्या भागामुळे रोपात ते प्रथिन वाढेल, त्या भागात बातमी देणारा पदार्थ आहे असे समजायचे. मग तो भाग पुन्हा वेगळा करायचा. असे करता करता सुमारे २७ किलो पानांतून त्यांच्या हाती सुमारे १ मायक्रोग्रॅम शुद्ध पदार्थ आला. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्यांना दिसणारही नाही, इतकेसे ते धन! १९९१ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला आणि त्या पदार्थाला सिस्टेमिन असे नाव दिले.

सिस्टेमिन हे पेप्टाइड आहे. पेप्टाइड म्हणजे काय, ते समजून घेण्यासाठी तसबीह डोळ्यांपुढे आणा. एका दोऱ्यात दाणे ओवलेले असतात. प्रथिनही असेच असते. त्यातल्या दाण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. तसबीहचे दाणे बहुधा सारखे असतात, प्रथिनाच्या माळेत मात्र वीस प्रकारचे दाणे असतात आणि ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत, यावर त्या प्रथिनाचे काम ठरते. माळ लांब असेल तर तिला प्रथिन म्हणतात. अगदी आखूड असेल तर पेप्टाइड म्हणतात. सिस्टेमिनमध्ये फक्त १८ दाणे आहेत.

या शोधाने शास्त्रज्ञ चकित झाले. प्राण्यांच्या शरीरात पेप्टाइडे निरोप पोहोचवतात हे सर्वांना माहीत होते. मधुमेहाच्या रोग्यांना टोचतात ते इन्सुलिन याच जातीचे आहे. पण वनस्पतींमध्ये असे काही असेल, असे कोणाला वाटत नव्हते. सिस्टेमिन हे वनस्पतींत सापडलेले पहिले निरोप्या पेप्टाइड ठरले.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, आणखी एक गोष्ट कळली. झाड ही १८ दाण्यांची माळ एकदम तशीच ओवत नाही. ते आधी २०० दाण्यांची लांब माळ तयार करते. तिला प्रोसिस्टेमिन म्हणतात. या माळेच्या शेवटाकडे, १७९व्या दाण्यापासून १९६व्या दाण्यापर्यंत, सिस्टेमिन दडलेले असते. पुढेमागे कात्री लावून तेवढा तुकडा कापून काढला, की निरोप तयार होतो. इन्सुलिनचेही असेच आहे. तेही आधी लांब माळेच्या रूपात तयार होते आणि नंतर कापले जाते.

तुम्ही विचाराल, झाडाने हा उलटा उद्योग का करावा? सरळ छोटी माळच का ओवू नये? याचे कारण निरोपाच्या स्वभावात आहे. धोक्याचा निरोप शेजाऱ्याने ऐकला, की तो घरदार बंद करून लढाईच्या तयारीला लागतो. झाडाच्या पेशीही तसेच करतात. वाढीसाठी लागणारे अन्न संरक्षणाकडे वळवले जाते. धोका नसताना हा निरोप सुटला, तर झाड उगाच खर्चात पडेल. म्हणून निरोप लिहून ठेवायचा, पण वाचता येणार नाही अशा रीतीने लपवून ठेवायचा. वेळ आली, की एका क्षणात तो कापून बाहेर सोडायचा. नव्याने माळ ओवायला वेळ लागतो. तयार माळ कापायला लागत नाही.

आता खरा प्रश्न राहतो कात्रीचा. ती कोठे असते? जखम झाली हे तिला कसे कळते? हे कोडे फार उशिरा सुटले. मला स्वतःला या सगळ्या हकिकतीत हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

टोमॅटोची कात्री २०१८ मध्ये रशियन आणि जर्मन शास्त्रज्ञांनी मिळून ओळखली. तिचे नाव फायटास्पेज. ही कात्री माळेतला एक ठरावीक दाणा ओळखते. त्या दाण्याला ॲस्पार्टिक आम्ल म्हणतात. सिस्टेमिनच्या मागे-पुढे असे दाणे आहेत, तेथे ती कापते. कापल्यावर पुढच्या बाजूला एक दाणा जास्तीचा राहतो. तो दुसरे एक विकर काढून टाकते. आता गंमत पाहा. प्रोसिस्टेमिन असते पेशीच्या आत आणि निरोगी झाडात फायटास्पेज असते पेशीच्या बाहेर, दोन पेशींमधल्या ओलाव्यात. माळ घरात आणि कात्री अंगणात! जोवर पेशीची भिंत शाबूत आहे, तोवर दोघांची गाठ पडत नाही. अळीने पान कुरतडले, पेशी फुटली, आतला द्रव बाहेर सांडला, की माळ कात्रीपुढे येते आणि निरोप कापला जातो. कांद्याची गोष्ट आठवली ना? युक्ती तीच आहे. फरक इतकाच, की कांदा त्यातून तिखट वायू करतो आणि टोमॅटो त्यातून निरोप करतो.

सगळ्या वनस्पती हीच पद्धत वापरीत नाहीत. सिस्टेमिन टोमॅटोच्या कुळातच आढळते. बटाटा आणि मिरची ही त्याची भावंडे. मोहरीच्या कुळात अरॅबिडॉप्सिस नावाचे एक टीचभर रोप आहे. त्याला ना फळ ना भाजी, पण प्रयोगशाळांत त्याचा फार मान आहे, कारण ते लवकर वाढते. या रोपात २००६ मध्ये रायन यांच्याच प्रयोगशाळेत २३ दाण्यांचे एक पेप्टाइड सापडले. त्याला पेप-१ म्हणतात. हे पेप-१ देखील ९२ दाण्यांच्या एका माळेच्या टोकाला जोडलेले असते. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, रायन यांचे निधन झाले. ही माळ कशी कापली जाते, हे पाहायला ते राहिले नाहीत.

ते २०१९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. पेशीच्या आत पाण्याने भरलेली एक मोठी पिशवी असते. तिला रिक्तिका म्हणतात. पेप-१ ची लांब माळ या पिशवीच्या बाहेरच्या बाजूला चिकटून बसलेली असते, जणू खुंटीला टांगलेली. तिची कात्रीही त्याच पेशीत असते. येथे माळ आणि कात्री एकाच खोलीत आहेत! मग कात्री एरवी का चालत नाही? कारण ती बंद असते. तिला उघडायला कॅल्शियम लागते.

कॅल्शियम म्हणजे चुन्यातले तेच. निरोगी पेशीच्या द्रवात ते अगदी नगण्य असते. पेशीच्या बाहेर आणि रिक्तिकेत मात्र ते हजारो पटींनी जास्त असते. धरणाच्या भिंतीमागे पाणी अडवून धरावे, तसे पेशी कॅल्शियमला अडवून धरते. जखम झाली, भिंत फुटली, की कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो. कात्री उघडते. या कात्रीचे नाव मेटाकॅस्पेज-४. ती माळ कापते, पेप-१ खुंटीवरून सुटते आणि फुटलेल्या पेशीतून बाहेर पडते. अर्ध्या मिनिटाच्या आत कापलेले तुकडे दिसू लागतात. या शास्त्रज्ञांनी लेझरच्या किरणाने मुळाच्या एकेका पेशीला जखम करून पाहिली. जखमी पेशीत कॅल्शियम वाढले ते वाढलेलेच राहिले. शेजारच्या पेशींत ते क्षणभर वाढले आणि पुन्हा उतरले. म्हणून कात्री जखमी पेशीतच चालली, शेजाऱ्यांकडे नाही. म्हणजे ज्याच्यावर संकट आले त्यानेच हाक मारायची, बाकीच्यांनी नुसत्या गडबडीने ओरडायचे नाही, असा हा नियम आहे. ती पेशी स्वतः वाचत नाही. पण मरता मरता तिचा निरोप सुटतो.

निरोप ऐकायला कान हवेत. शेजारच्या पेशींच्या पटलावर खास प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राहीचा एक भाग बाहेर डोकावतो आणि दुसरा पेशीच्या आत असतो. किल्ली कुलपात बसावी तसे पेप्टाइड बाहेरच्या भागात बसते आणि आतल्या भागाला इशारा मिळतो. पेप-१ चा ग्राही २००६ मध्येच सापडला होता. सिस्टेमिनचा ग्राही जर्मनीतल्या ट्यूबिंगेन येथे सापडला, तो २०१८ मध्ये. पेप्टाइडचे एक-दोन दाणे बदलले, तरी कुलूप उघडत नाही, असे पुष्कळदा होते.

इशारा मिळालेली पेशी जास्मोनिक आम्ल तयार करू लागते. या नावात तुमच्या ओळखीचा एक शब्द लपलेला आहे. फारसीत चमेलीला यास्मिन म्हणतात. त्यावरून इंग्रजीत जास्मिन आले आणि चमेलीच्या अत्तरात सापडलेल्या पदार्थावरून या आम्लाला नाव मिळाले. तुमच्या वर्गात एखादी यास्मिन असेल, तर तिला हे जरूर सांगा. हे आम्ल तयार होते ते पानातल्या स्निग्ध पदार्थापासून. जवसाच्या तेलात जे लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, तेच पानाच्या पटलांतही असते आणि त्याचेच हे रूपांतर. जास्मोनिक आम्ल पेशीच्या केंद्रकापर्यंत हुकूम पोहोचवते आणि मग कात्री अडवणारी प्रथिने बनू लागतात.

आता त्या वरच्या, न खाल्लेल्या पानांकडे परत येऊ. प्रथम सर्वांना वाटले, की सिस्टेमिनच जखमी पानातून निघून वरच्या पानांपर्यंत प्रवास करते. नाव तसेच ठेवले होते. सिस्टेमिन म्हणजे सबंध झाडात पसरणारे. पण २००२ मध्ये अमेरिकेत ग्रेग होव यांच्या गटाने टोमॅटोवर कलमे बांधून या समजुतीची परीक्षा घेतली. कलम म्हणजे काय, हे अमरावती जिल्ह्यातल्या मुलांना सांगायला नको. वरुड आणि मोर्शीकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. खाली मुळे जंबेरीची, वर फळ संत्र्याचे. या शास्त्रज्ञांनीही असेच केले. त्यांच्याजवळ टोमॅटोची दोन प्रकारची सदोष रोपे होती. एका प्रकाराला जास्मोनिक आम्ल तयार करता येत नव्हते. दुसऱ्याला ते ओळखता येत नव्हते. खुंट एकाचा आणि शेंडा दुसऱ्याचा अशी कलमे करून त्यांनी खालच्या पानांना जखम केली आणि वरची पाने तपासली. उत्तर स्पष्ट आले. खालच्या जखमी भागाला जास्मोनिक आम्ल बनवता आले पाहिजे आणि वरच्या भागाला ते ओळखता आले पाहिजे. म्हणजे दूरवर जाणारा निरोप जास्मोनिक आम्लाच्या वाटेचा आहे. सिस्टेमिन जखमेच्या मोहल्ल्यातच फिरते आणि तेथे या आम्लाचे उत्पादन वाढवते.

दूरच्या पानांना आणखी एका मार्गाने बातमी लागते. २०१८ मध्ये मासात्सुगु तोयोता आणि सायमन गिलरॉय यांनी अशी रोपे तयार केली, की कॅल्शियम वाढले की ती चमकतात. सुरवंटाने पान तोडताच त्या जागेपासून प्रकाशाची एक लाट निघाली आणि शिरांमधून पसरत दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या पानांपर्यंत गेली. तिचा वेग सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर होता. मुंगीपेक्षाही ही लाट मंद आहे, पण झाडाच्या मानाने ही धावपळच.

जेथे अळीच निरोप लिहिते, असेही एक उदाहरण आहे. चवळीच्या पानात प्रकाशाच्या शक्तीवर चालणारे एक प्रथिन असते. अळी पान खाते तेव्हा तिच्या आतड्यातली विकरे या प्रथिनाचे तुकडे करतात. त्यांतला ११ दाण्यांचा एक तुकडा तिच्या तोंडातल्या स्रावाबरोबर परत पानावर येतो. चवळी तो ओळखते आणि सावध होते. या तुकड्याला इन्सेप्टिन म्हणतात. तो २००६ मध्ये सापडला. ज्या अळीच्या स्रावात तो सापडला, तिला आपण अमेरिकन लष्करी अळी म्हणतो. हीच अळी २०१८ पासून आपल्या देशात मक्यावर आली आहे. चोराने आपल्याच हाताने फिर्याद लिहून द्यावी, तसा हा प्रकार!

सोयाबीनची तऱ्हा तर याहून चमत्कारिक आहे. २०१० मध्ये रायन यांच्या जुन्या सहकाऱ्यांना सोयाबीनच्या पानांत १२ दाण्यांचे एक पेप्टाइड सापडले. ते ज्या माळेत दडलेले होते, ती माळ म्हणजे प्रथिने कापणाऱ्या कात्रीच्याच जातीचे एक विकर होते. कात्रीच्या मुठीतच चिठ्ठी कोरलेली! आपल्या वऱ्हाडात एवढ्या मोठ्या क्षेत्रावर सोयाबीन पेरले जाते, पण त्या पानापानांत अशी चिठ्ठी आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

ही सगळी व्यवस्था खरोखर कामाची आहे का, याचीही परीक्षा झाली आहे. १९९३ मध्ये रायन यांच्या गटाने टोमॅटोची अशी रोपे घेतली, की ज्यांत प्रोसिस्टेमिन फारसे तयारच होत नव्हते. त्यांवर सुरवंट सोडले. या रोपांना पाने वाचवता आली नाहीत. सुरवंट नेहमीच्या रोपांवरच्यापेक्षा लवकर मोठे झाले. १९९४ मध्ये त्यांनी उलट करून पाहिले. प्रोसिस्टेमिन सतत तयार करणारी रोपे जखम नसतानाही कात्री अडवणारी प्रथिने साठवू लागली.

तर मग घाटेअळी हरभऱ्यावर एवढी माजते कशी? हरभराही कात्री अडवणारी प्रथिने तयार करतो. या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातच काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, अभय हरसुलकर, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटेअळीच्या आतड्यातली विकरे तपासली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले, की हरभऱ्याची ही संरक्षक प्रथिने अळीचीच विकरे कापून निकामी करतात. अळीजवळ कात्री एक नसून अनेक आहेत. झाडाने दोन अडवल्या, तर ती तिसरी चालवते. हजारो पिढ्या हरभरा आणि तूर खाऊन तिला त्यांचे डाव पाठ झाले आहेत. पण ज्या झाडांवर ती सहसा जगत नाही, त्यांचे डाव तिला नवे असतात. १९९९ मध्ये याच गटाने भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांची प्रथिने तिच्यावर वापरून पाहिली. तेव्हा तिच्या आतड्यातल्या कात्र्या खूपच प्रमाणात बंद पडल्या आणि वाढ खुंटली. मात्र एकच प्रथिन देऊन भागत नाही. निरनिराळी प्रथिने आलटून पालटून द्यावी लागतात, असे त्यांनी सांगितले.

अळीच्या बाजूनेही डावपेच कमी नाहीत. घाटेअळीची एक बहीण अमेरिकेत मक्यावर आणि कपाशीवर राहते. तिच्या लाळेत असे एक विकर आहे, की ते तंबाखूच्या झाडाला विष तयार करू देत नाही. हे २००२ मध्ये कळले. म्हणजे झाड हाक मारते आणि अळी त्याच्या तोंडावर हात ठेवते.

या लढाईची किंमत आपल्या भागाने मोजली आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यात मातीतल्या एका जिवाणूचे, अळीला मारणारे प्रथिन घातलेले असते. काही वर्षे बोंडअळ्या कमी झाल्या. पण गुलाबी बोंडअळीला त्या प्रथिनाची सवय झाली आणि २०१७ मध्ये विदर्भात तिने कपाशीचे फार नुकसान केले. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. फवारणी जितकी कमी होईल तितके चांगले, हे त्यांच्या घरच्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ते १९६९ मध्ये स्थापन झाले. ज्यांचे नाव त्याला दिले, ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे. घाटेअळीसाठी कृषितज्ज्ञ शेतकऱ्यांना निंबोळी अर्क, कामगंध सापळे आणि शेतात पक्ष्यांना बसायला उभे केलेले थांबे, हे उपाय सांगतात. औषध शेवटी. पक्षी अळ्या वेचतात आणि त्यांच्याबरोबर एक इवलीशी गांधीलमाशीही काम करते. तिचे नाव कॅम्पोलेटिस. ती कोवळ्या घाटेअळीच्या अंगात अंडे घालते. अंड्यातून निघालेली पिल्लू-अळी घाटेअळीला आतून खाते आणि बाहेर येऊन कोश विणते. कुरतडलेली पाने हवेत जो वास सोडतात, त्याच्या मागावर अशा माश्या भक्ष्यापर्यंत पोहोचतात. तो वासही पुष्कळ अंशी जास्मोनिक आम्लाच्याच हुकुमाने सुटतो. जानेवारीत हरभऱ्याच्या शेतात गेलात, तर फांद्या हलक्या हाताने बाजूला करून पाहा. एखाद्या देठाला लहानसा करडा कोश आणि त्याच्याजवळ अळीचे सुकलेले कातडे लटकलेले दिसले, तर तो कोश तोडू नका. त्यातून माशी बाहेर यायची असते.